तोंडाच्या कोपऱ्यातली चीर पुन्हा पुन्हा का येते?

सकाळी जांभई दिली की ओठांच्या कोपऱ्यात चर्रकन दुखतं, आरशात बघावं तर तिथे बारीकशी लाल चीर, कडेला पांढुरकी ओलसर कातडी नाहीतर पिवळट खपली. ब्रश करताना फेस लागला की झोंबतं, वडापावचा घास घ्यायला तोंड मोठं केलं की चीर परत उघडते आणि त्यात ती हिरवी चटणी लागली की डोळ्यात पाणीच येतं. चार-आठ दिवसांत बरं होतं, माणूस विसरून जातो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत तेच, त्याच जागी.

मी भांडुपला दातांचा दवाखाना चालवते त्यामुळे लोकांच्या तोंडाचे कोपरे रोज अगदी लाइटखाली, वीतभर अंतरावरून बघायला मिळतात. यासाठी म्हणून मुद्दाम फार कमी जण येतात. आलेले असतात दाढेसाठी, तोंड उघडा म्हटलं की मग सांगतात, "हळू हं मॅडम, इथे फाटलंय." कधीपासून विचारलं तर "ते अधूनमधून येतंच, अंगात उष्णता आहे ना." आणि उपाय म्हणजे केमिस्टकडून बी-कॉम्प्लेक्सची एक पट्टी, नाहीतर कुठलीतरी मलमाची ट्यूब. त्याने त्या वेळेपुरतं बरं वाटतं पण. माझं म्हणणं एवढंच आहे की चीर बरी करणं हे एक काम आणि ती परत का येते ते शोधणं हे दुसरं काम, आणि हे दुसरं काम बहुतेक घरांत कोणी करतच नाही, म्हणून लोक वर्षानुवर्षं हे अंगावर काढतात.

याला डॉक्टरी भाषेत अँग्युलर चेलायटिस म्हणतात. रिपोर्टवर किंवा प्रिस्क्रिप्शनवर हे नाव दिसलं तर घाबरू नका, ओठांच्या कोपऱ्याला आलेली सूज एवढाच त्याचा अर्थ.

आता ही जागाच मुळात नाजूक का ते बघू. जिवणी म्हणजे बाहेरची कातडी आणि तोंडाच्या आतलं मऊ अस्तर जिथे एकत्र येतात ती जागा, तिथे एक छोटी घडी असते. बोलणं, खाणं, हसणं, जांभया देणं यात ती घडी दिवसभर उघडते-मिटते, आणि थोडी लाळ तिथे येतच असते. एरवी ती लगेच सुकून जाते. पण काही कारणाने लाळ तिथे साचायला लागली की कातडी भिजून भिजून पांढरी आणि पोचट होते, मग सुकते, ताणली जाते आणि तडकते. पावसाळ्यात चार दिवस ओल्या बुटांत लोकलने ये-जा केली की पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात ना, अगदी तोच प्रकार, जागा तेवढी वेगळी. त्यात लाळेत अन्न पचवणारे एन्झाइम असतात, तोंडाच्या आतल्या अस्तराला त्यांची सवय असते पण बाहेरच्या कातडीला नसते, त्यामुळे ती आणखी चुरचुरते.

कातडी तडकली की जंतू आत शिरतात. यात मुख्य दोघं. एक कॅन्डिडा नावाची बुरशी, जी कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडात एरवी निवांत राहत असते आणि काही त्रास देत नाही. दुसरा स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा बॅक्टेरिया, त्याचा मुक्काम बऱ्याच जणांच्या नाकपुडीत असतो, म्हणजे नाकातून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत यायला त्याला एक बोट पुरतं. कधी एकटी बुरशी असते, कधी एकटा बॅक्टेरिया, पुष्कळदा दोघं मिळून. हे जंतू आपलेच आहेत, बाहेरून कुठून आलेले नाहीत, म्हणून क्रीम लावून त्यांना कमी केलं तरी ते कायमचे संपत नाहीत. कोपरा ओला राहिला किंवा कातडी भरून यायची ताकदच अंगात नसली की ते परत तिथेच जमतात.

पुढे जाण्याआधी, कोपऱ्यातली प्रत्येक जखम ही हीच असते असं नाही, त्यामुळे आधी ओळख पटवून घ्या. ओठावर आधी मुंग्या आल्यासारखं, जळजळल्यासारखं होतं आणि मग पाण्याने भरलेले बारीक फोड घोळक्याने उठतात, ते साधारण एकाच बाजूला असतात आणि ताप येऊन गेल्यावर किंवा खूप दमणूक झाल्यावर येतात, जुनी माणसं ताप मुतला म्हणतात, तो हर्पीस. तो व्हायरसमुळे होतो, त्याचं औषध वेगळं आणि ते पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू केलं तरच खरा उपयोग. गालाच्या आत किंवा जिभेवर पांढरे गोल छाले येतात, ज्याला आपण तोंड आलंय म्हणतो, ती पण वेगळीच भानगड. लहान मुलाच्या तोंडाभोवती मधाच्या रंगाच्या खपल्या धरल्या आणि त्या भराभर पसरत असल्या तर तो इम्पेटिगो असू शकतो, तो एका मुलाकडून दुसऱ्याला लागतो, त्यामुळे शाळेत पाठवायच्या आधी डॉक्टरला दाखवा. आपण ज्याबद्दल बोलतोय त्या चिरा बहुतेक वेळा दोन्ही कोपऱ्यांना असतात, एका बाजूला जास्त एका बाजूला कमी असं असेल पण बहुधा दोन्हीकडे काहीतरी असतं.

आणि एकाच बाजूला असलेली, दोन आठवडे झाले तरी न भरणारी, हाताला कडक लागणारी जखम असेल तर तिला कुठलंच मलम लावत बसू नका, ती तपासूनच घ्या, खास करून तंबाखू, गुटखा, सुपारी, मिश्री यातलं काही चालू असेल तर. हे मी घाबरवायला लिहीत नाहीये. आपल्या देशात पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर हा सगळ्यात जास्त आढळणाऱ्या कॅन्सरपैकी आहे, महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे तरी तोंडं तपासताना डाग रोज दिसतात. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांमध्ये कोपऱ्याच्या लगेच आतल्या बाजूला, गालाच्या अस्तरावर, न पुसला जाणारा पांढरा चट्टा येतो, त्यात पण हीच कॅन्डिडा बुरशी असू शकते, आणि असा चट्टा पुढे कॅन्सरकडे वळण्याची शक्यता असते. सुपारी खाणाऱ्यांचं आणखी एक, तोंडाचं अस्तर आतून कडक होत जातं, तिखट अजिबात सहन होत नाही, आणि तोंड उघडणं कमी कमी होतं. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांच्या मधे जातात का बघा. जात नसतील, आणि सुपारी चालू असेल, तर कोपरा ताणला जाऊन फाटतोय ही फार छोटी गोष्ट आहे, दाखवायला जायचं कारण ते कडक झालेलं अस्तर आहे.

आता कारणांकडे वळू. माझ्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे कवळी, आणि याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय कारण घरातल्या कोणाचंच तिकडे लक्ष नसतं.

दात काढले की जबड्याचं हाड हळूहळू झिजत जातं, ते थांबत नाही. कवळी मात्र आहे तशीच राहते, उलट तिचे प्लास्टिकचे दात चावून चावून सपाट होतात. दहा-बारा वर्षं एकच कवळी वापरली की वरचा आणि खालचा जबडा पूर्वीपेक्षा जास्त जवळ यायला लागतात, हनुवटी नाकाकडे सरकते, गाल बसतात आणि ओठांच्या कोपऱ्यापासून हनुवटीकडे एक खोल घडी पडते. त्या घडीत लाळ ओघळत राहते. मागे एक आजी आल्या होत्या, पूर्वी गिरगावात चाळीत राहायच्या आता मुलाकडे इकडे आल्यात, दोन्ही कोपरे लालबुंद, पदराने दर दोन मिनिटांनी तोंड टिपत होत्या. वरची कवळी काढून बघितली तर टाळू जिथे कवळी बसते तेवढ्याच आकारात लाल, जणू कोणी रंगवलंय. त्याचं त्यांना काही दुखत नव्हतं म्हणून कधी कळलंच नाही. रात्री कवळी काढता का विचारलं तर म्हणाल्या, "नाही गं बाई, सुनेपुढे बोळक्या तोंडाने कसं बसायचं." हे ऐकून वाईट वाटतं खरंच, कारण त्यांची अडचण खरी आहे, पण ती लाल टाळू म्हणजे कॅन्डिडाचा अड्डा, बुरशी कवळीच्या प्लास्टिकला चिकटून राहते आणि तिथून रोज कोपऱ्यापर्यंत पोचते. वरून कितीही क्रीम लावा, कवळी तशीच घालत राहिलं तर काही उपयोग नाही.

त्यामुळे घरात आजी-आजोबा कवळी वापरत असतील तर ती रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची, झोपायची खोली वेगळी असो नसो, दिवा मालवल्यावर काढली तरी चालेल. रोज मऊ ब्रशने साबण लावून सगळ्या बाजूंनी घासायची. टूथपेस्टने घासू नका, तिने बारीक ओरखडे पडतात आणि बुरशीला चिकटायला आणखी जागा मिळते, आणि उकळतं पाणी तर मुळीच नको, कवळी वाकडी होते. टाळू लाल असेल तर तोंडाच्या आतलं बुरशीचं औषध पण लागतं, ते दंतवैद्य देतील. आणि साधारण ५ ते ७ वर्षं झाली की कवळी दाखवून घ्या, आतून नवीन थर देऊन घट्ट करता येते किंवा नवी करून तिची उंची बरोबर करता येते, जबड्यांमधलं अंतर नीट झालं की ती कोपऱ्यातली घडी पुष्कळ उघडते आणि लाळ साचायचं थांबतं. खूप दाढा काढलेल्या आणि कवळी न लावलेल्या माणसांना सुद्धा हेच होतं, वय पन्नास असलं तरी.

तरुण माणसांचं काय मग, त्यांचे तर सगळे दात शाबूत असतात. तिथे मी पहिला प्रश्न रक्ताबद्दल विचारते.

बी-कॉम्प्लेक्सचा समज एवढा पक्का का बसलाय त्याला कारण आहे. १९३८ मध्ये अमेरिकेत सेब्रेल आणि बटलर या दोघांनी दाखवलं की आहारातून रायबोफ्लेविन म्हणजे बी-२ काढून घेतलं तर तोंडाचे कोपरे फाटतात आणि ते परत दिलं की बरे होतात. तेव्हापासून कोपरा फाटला की बी-कॉम्प्लेक्स हे समीकरण झालं. ते चूक नाहीये. बी-२ दूध, दही, अंडी, पालेभाज्या यातून मिळतं, आणि ज्याच्या जेवणात यातलं काहीच नाही त्याला कमी पडू शकतं. पण आज शहरात माझ्यासमोर येणाऱ्या बायकांमध्ये मला बी-२ पेक्षा लोहाची शंका कितीतरी आधी येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी ५७ टक्के बायकांना रक्ताची कमतरता म्हणजे अ‍ॅनिमिया निघाला, म्हणजे अर्ध्याहून जास्त. लोह कमी असलं की तोंडाचं अस्तर पातळ होतं, झीज भरून यायला वेळ लागतो आणि बुरशीशी लढायची ताकदही कमी होते. जीभ गुळगुळीत आणि लाल दिसणं, जिने चढताना दम लागणं, केस गळणं, माती-खडू-कच्चे तांदूळ खावेसे वाटणं, नखं वर वळणं, याबरोबर कोपरे फाटत असतील तर बी-कॉम्प्लेक्सच्या पट्टीत तुमचं औषधच नाहीये, कारण साध्या बी-कॉम्प्लेक्समध्ये लोह नसतं.

पहाटे उठून डबे करायचे, ८ ची फास्ट पकडायची, स्वतः मात्र चहा-बिस्किटावर दुपारपर्यंत राहायचं, जेवण झालं की लगेच परत कटिंग. हे मी इतक्या बायकांकडून ऐकते. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह कमी अंगी लागतं, म्हणून जेवण आणि चहा यात निदान तासाभराचं अंतर ठेवा, पालेभाजी, नाचणी, कडधान्यं यावर लिंबू पिळा कारण क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. अळिवात लोह भरपूर असतं, बाळंतिणीला अळिवाचे लाडू देतात ते उगाच नाही, आणि ते फक्त बाळंतिणीनेच खायचे असं कुठे लिहिलेलं नाही. पण हिमोग्लोबिन खरंच खाली गेलं असेल तर लाडवांनी भागत नाही, गोळ्या लागतात, आणि हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साधारण ३ महिने त्या चालू ठेवायच्या असतात कारण आधी रक्त भरतं आणि मग अंगातला साठा भरतो. बहुतेक जणी बरं वाटलं की मधेच सोडतात, मग चार महिन्यांनी कोपरे परत फाटतात. गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो, त्याने घाबरून बंद करू नका. आणि मासिक पाळीत खूप जास्त जातंय म्हणून लोह कमी होत असेल तर आधी ते स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, नाहीतर वरून भरत राहायचं आणि खालून जात राहायचं. पुरुषाचं किंवा पाळी बंद झालेल्या बाईचं लोह कमी निघालं तर रक्त कुठून जातंय, पोटात, आतड्यात, मूळव्याधीतून, हे शोधलंच पाहिजे, नुसत्या गोळ्या घेऊन गप्प बसू नये.

दुसरं बी-१२. ते झाडपाल्यातून मिळत नाही, दूध, दही, अंडी, मासे, मटण यातूनच मिळतं. यकृतात त्याचा काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो त्यामुळे कमतरता कळायला फार उशीर लागतो. शुद्ध शाकाहारी घरात, तेही दूध-दही कमी घेणाऱ्यांमध्ये, हे दिसतं. आणि एक गोष्ट लोकांना माहीतच नसते, डायबिटीससाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची सवय असेल तरी बी-१२ हळूहळू खाली येतं, मग तो माणूस रोज बांगडा खात असला तरी. हातापायाला मुंग्या, विसरायला होणं, जीभ सोलल्यासारखी होणं हे सोबत असेल तर तपासा. फॉलिक अ‍ॅसिड आणि झिंक कमी असलं तरीही कोपरे फाटू शकतात, पण ही दोन मी आधी शोधत नाही.

तिसरी, साखर. पन्नाशीचा माणूस, आधी कधी त्रास नाही आणि आता वर्षभरात तीन-चारदा दोन्ही कोपरे फाटले, तोंड सारखं कोरडं, रात्री लघवीला उठावं लागतं, तर मी क्रीमच्या आधी साखर तपासायला सांगते. डायबिटीसमध्ये तोंड कोरडं पडतं, लाळेतली साखर वाढते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. कोपऱ्याच्या चिरेवरून डायबिटीस पहिल्यांदा सापडलेली माणसं मी बघितली आहेत. एचआयव्हीमध्ये सुद्धा प्रतिकारशक्ती कमी झाली की तोंडात बुरशी आणि कोपऱ्याला चिरा येतात, डॉक्टरने ती तपासणी सुचवली तर अपमान वाटून घेऊ नका, सरकारी हॉस्पिटलांत ती मोफत आणि गुप्त ठेवून होते.

तपासण्या काय करायच्या ते सरळ सांगते. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी, हिमोग्लोबिन यातच कळतं), फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२ आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर). यातलं फेरिटिन मागून घ्या, कारण हिमोग्लोबिन ठीक असतानाही अंगातला लोहाचा साठा संपलेला असू शकतो आणि तो फेरिटिनमध्येच कळतो. मोठ्या बायकांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली, पुरुषांमध्ये १३ च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया धरतात. फेरिटिन १५ च्या खाली असेल तर साठा संपलाय हे नक्की. मात्र अंगात ताप किंवा इन्फेक्शन असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून सर्दी-तापाच्या दिवसांत करू नका.

रक्तात काहीच सापडलं नाही तर सवयींकडे बघायचं. सगळ्यात वाईट सवय म्हणजे जीभ फिरवणं. कोपरा कोरडा वाटला, खपली टोचली की जीभ आपोआप तिथे जाते, दोन सेकंद बरं वाटतं, मग ती लाळ सुकताना कातडी आधीपेक्षा जास्त कोरडी पडते, परत जीभ. दिवसभर एसी ऑफिसात बसणाऱ्यांचं हे फार होतं, पाणी कमी प्यायलेलं असतं, ओठ सुकलेले असतात. लहान मुलांमध्ये अंगठा चोखणं, पेन्सिल-कॉलर चावणं, झोपेत लाळ गळणं. मूल सारखं तोंड उघडं ठेवून झोपत असेल तर नाक बंद का आहे ते कान-नाक-घसावाल्यांना दाखवा. ब्रेसेस लावलेल्या मुलांना तारेने कोपरा घासला जातो आणि लाळही जास्त येते, शिवाय कोणाला निकेलची अ‍ॅलर्जी असते, नकली कानातलं घातलं की कान पिकतात अशा मुलीने ब्रेसेस लावताना हे दंतवैद्यांना आधी सांगून ठेवावं. टूथपेस्टमधला दालचिनीचा किंवा कडक मिंटचा फ्लेवर, नवीन लिपस्टिक, वासाचा लिप बाम यांनीही होतं. त्रास नेमका पेस्ट बदलल्यापासून सुरू झाला असेल तर महिनाभर साध्या, कमी फ्लेवरच्या पेस्टवर या आणि फरक बघा. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ सोलणारच, जवळजवळ सगळ्यांनाच होतं, गोळी देणाऱ्या स्किनच्या डॉक्टरशी बोला पण स्वतःहून डोस बदलू नका. दम्याचा पंप घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरून थुंकायची, नाहीतर स्टिरॉइड तोंडात राहून बुरशी वाढते.

आता लावायचं काय. बुरशीची शंका असेल तर क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोलचं साधं क्रीम, मायकोनॅझोल काही बॅक्टेरियावरही चालतं म्हणून पुष्कळ डॉक्टर ते आधी देतात. पिवळी खपली, पू असा प्रकार असेल तर बॅक्टेरियावरचं मलम, म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक अ‍ॅसिड. नक्की कुठलं ते डॉक्टरला बघून ठरवू दे. रक्त पातळ करायची वॉरफेरिन चालू असेल तर मायकोनॅझोल, विशेषतः तोंडात लावायचं जेल, डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात वापरू नका, दोन्हीचं पटत नाही आणि रक्तस्राव होऊ शकतो. लावायची पद्धत पण महत्त्वाची आहे, आधी कोपरा साध्या पाण्याने धुवायचा, स्वच्छ सुती कपड्याने टिपून पूर्ण कोरडा करायचा, चोळायचं नाही, मग मुगाच्या दाण्याएवढं क्रीम पातळ पसरायचं. ओल्यावर लावलं तर लाळेबरोबर वाहून जातं. एक ते दोन आठवडे लावायचं, आणि चीर मिटलेली दिसली तरी आणखी थोडे दिवस चालू ठेवायचं. बरं झाल्यावर रात्री झोपताना पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडचा पातळ थर द्यायचा म्हणजे लाळ थेट कातडीला लागत नाही. साजूक तूप लावलं तर याच कामाला येतं, बुरशी मात्र त्याने मरत नाही. तुरटी, चुना, लिंबू, टूथपेस्ट, यातलं काहीही उघड्या चिरेवर नको.

आणि ते केमिस्टकडचं तीन-चार औषधं एकत्र असलेलं मलम, स्टिरॉइड, बुरशीचं, अँटिबायोटिक सगळं एकाच ट्यूबमध्ये, ते कृपा करून बंद करा. दोन दिवसांत लाली जाते म्हणून लोकांना ते जादूचं वाटतं, पण त्यातलं कडक स्टिरॉइड चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं की कातडी कागदासारखी पातळ होते, तोंडाभोवती बारीक लाल पुरळ उठतं, आणि मलम सोडलं की दुप्पट भडकतं म्हणून माणूस परत तेच लावतो. ही स्टिरॉइडची मलमं प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायला परवानगी नाही, तरीही काउंटरवर मागितली की मिळतात. डॉक्टर कधी सौम्य हायड्रोकॉर्टिसोन थोड्या दिवसांसाठी देतात, ती गोष्ट वेगळी.

खर्चाचं कारण सांगून लोक टाळतात म्हणून हेही लिहिते. मुंबई सेंट्रलला नायर डेंटल कॉलेज आहे, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे, तिथे तोंडाच्या आजारांचा वेगळा विभाग असतो आणि कवळीही खूप कमी पैशात होते, वेळ मात्र हाताशी ठेवून जा. महापालिकेच्या आपला दवाखान्यात रक्ताच्या बऱ्याच तपासण्या मोफत होतात.

हे लागण होणारं आहे का असं घरातले विचारतात. हर्पीस असेल तर हो, पेला-टॉवेल वेगळा ठेवा, बाळाचे पापे घेऊ नका. साध्या कोपऱ्याच्या चिरेसाठी एवढी भीती नको, टॉवेल आणि लिपस्टिक तेवढी कोणाबरोबर शेअर करू नका.

शेवटी एक सोपं काम सांगते. ही चीर डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत बरेचदा भरून गेलेली असते आणि मग दाखवायला काहीच उरत नाही. म्हणून पुढच्या वेळी उठली की मोबाईलवर दोन्ही कोपऱ्यांचे फोटो काढा, उजेडात, तोंड मिटलेलं एक आणि थोडं उघडलेलं एक. तारीख फोनमध्ये राहतेच, दर वेळचे फोटो एका जागी ठेवा. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि आत्तापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या झालेल्या सुद्धा, पिशवीत टाकून घेऊन जा, आणि कवळी असेल तर ती घालून जा.